रीडिंगच्या कुरणात मी राजा झाले

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, तेव्हा हे पत्र जावई लिहितायत. ते पुण्याचे आहेत, एवढं सांभाळून घ्या. मी बोलते तसंच लिहा म्हटलं तरी त्यांचा हात मध्येच शुद्ध व्हायला बघतो. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सांगतेय, ते जेवणाच्या टेबलाशी मान खाली घालून लिहितायत. सासूने सांगावं आणि जावयाने निमूट उतरवून घ्यावं, हे बघायला आपल्या गावातली चार माणसं तरी इथे हवी होती. पण गाव राहिलं समुद्रापलीकडे, आणि ती चार माणसं तुमच्याकडेच येऊन बसली असतील. त्यांनाही ऐकवा. मी राजा झाले, बाबा. खराखुरा मुकुट घालून, सिंहासनावर बसून, ह्या इंग्लंडच्या भर कुरणात, शेकडो माणसांसमोर. तुम्ही नाही म्हणाला होतात, म्हणून मुद्दाम कळवतेय.

कुठला राजा, ते आधी सांगते. हजार-बाराशे वर्षांपूर्वी उत्तरेकडून बोटीतून माणसं यायची आणि हा मुलूख लुटायची. त्यांना व्हायकिंग म्हणतात. सगळे लुटारूच होते असं नाही, शेती करायचे, व्यापार करायचे, पण टीव्हीवर शेती कोण बघतं? आमच्याकडे रविवारी दुपारी जेवणं झाली की माझी नात त्यांची मालिका लावते. नात म्हणजे ह्या जावयांची मुलगी, इथेच जन्मलेली, आठवडाभर इथल्याच, आमच्या ह्या रीडिंग गावातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. ती इंग्रजीतलं मला तिच्या मराठीत सांगते. तिच्या मराठीत तलवार तो असतो आणि घोडा ती, पण गोष्ट कळते. मी मालिका बघत नाही, बाबा, मी परीक्षण करते. पहिल्याच दिवशी म्हटलं, हा कसला राजा? अंधारात बसतो, ओठातल्या ओठात पुटपुटतो, आणि तो दरबारात आला तर कुणी उठून उभंसुद्धा राहत नाही! आमच्या बाबांची दशावतारातली नुसती एन्ट्री बघायला बाया चुलीवरचा भात करपवून यायच्या. नात म्हणाली, "आजी, हे रिअलिस्टिक आहे." म्हटलं, रिअलिस्टिक राजा बघायचा तर मी कौन्सिलच्या ऑफिसात जाईन की. तिथे पण कुणी उठत नाही.

तरी मला ते राजे आवडायला लागले, खोटं कशाला बोलू. त्यांच्यातले पुरुष डोळ्यांत काजळ घालायचे म्हणे. ते ऐकून मी सरसावून बसले. त्यांच्या एका राजाला शत्रूने सापांनी भरलेल्या खड्ड्यात टाकलं, तर तो हसत मेला म्हणतात. त्याचा एक मुलगा, त्याच्या अंगात हाडंच नव्हती अशी कथा आहे, त्याला ढालीवर बसवून लढाईला न्यायचे. खरं की खोटं ते विद्वान अजून भांडतायत. भांडू देत. तुमच्या कथेतल्या राक्षसाला तरी कुठे जन्माचा दाखला होता? आणखी एक डेन्मार्कच्या लोकांचा राजा होऊन गेला, इंग्लंडवर राज्य केलं त्याने. त्याने समुद्रकाठी खुर्ची मांडली आणि भरतीला हुकूम सोडला, थांब. भरती कशाला थांबते? पाय भिजले. तेव्हा तो दरबाऱ्यांकडे वळून म्हणाला, बघा, मला देव देव म्हणत होतात ना? हा राजा मला सगळ्यात पटला. समुद्राकाठी वाढलेलं माणूसच असली थट्टा करू शकतं.

आता तुमच्याबद्दल. जावई विचारतायत, आई, दशावतार म्हणजे काय ते समजावून लिहू का? मी म्हटलं, ज्यांना पत्र लिहितोय त्यांना कशाला समजवायचं? पण ते म्हणाले माझ्या नातवंडांच्या हाती लागलं तर त्यांना कळायला हवं. असू दे मग. आमच्या बाबांची दशावताराची कंपनी होती. देवळासमोर खेळ व्हायचा, पडदा नाही, सामान नाही, एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. कुणाकडे लिहिलेलं नाटक नसायचं. कथा ठरवायची आणि उभं राहून बोलायचं, सगळं तोंडातून. बाबांना सहीसुद्धा येत नव्हती, आणि तोंड उघडलं की संस्कृत शब्दांची रांग लागायची. दिवसा नारळाच्या झाडावर चढणारा माणूस खेळात महाराज. राजाची कामं करणाऱ्याला राजपार्टी म्हणायचे. आणि राणीचं काम पुरुषच करायचा, त्याला स्त्रीपार्टी.

त्या स्त्रीपार्टीचं लुगडं कुणाचं होतं, बाबा? आईचं. तिचं एकुलतं एक चांगलं, हिरवं, लाल काठाचं. दरवर्षी खेळ सुरू झाले की ते कपड्यांच्या पेटाऱ्यात बसून गावोगाव फिरायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. आई ते तीन-तीनदा धुवायची. स्वयंपाकघरात माझ्या नाकाला लावून म्हणायची, "हुंग बघू. परक्या घामाचो वास येता गो अजून." मग हसायची. मीही हसायचे. एक मिशा काढलेला बाप्या माझ्या आईचं लुगडं नेसून राणी होतो, कुणाचा धर्म बुडत नाही, देव कोपत नाही. आणि त्याच पेटाऱ्याला बायकांनी हात लावायचा नाही! लुगडं चालतं, लुगडंवाली चालत नाही. लहान होते तेव्हा ह्यात काही गडबड आहे एवढं कळायचं, शब्द नव्हते. आता आहेत. जावई, लिहा, मी थांबते.

तुमचा एक नेम होता. मुकुट चढला की घरचं नाव उतरलं. मग तुम्ही कुणाचे नवरे नव्हतात, बाप नव्हतात. आई पाणी घेऊन यायची आणि "अहो" म्हणायची, तर तुम्ही तिच्या डोक्यावरून पलीकडे बघायचात. तिला म्हणावं लागायचं, "महाराज, पाणी." लगेच घ्यायचात. एकदा मी देवळामागे अनवाणी पळत होते, पायात बाभळीचा काटा गेला. तुम्ही नुकते सजून बाकड्यावर बसलेले. मी लंगडत, रडत आले, बाबा बाबा करत. तुम्ही हललाच नाहीत. मी तुमच्या गुडघ्याला मिठी मारली तरी नाही. मग सावकाश मान वळवलीत आणि आपल्या वाण्याला, म्हणजे प्रधानाचं काम करायचा त्याला, म्हणालात, "प्रधानजी, ह्या बालिकेच्या पायातील कंटक दूर करा." वाण्याने मला मांडीवर घेतलं आणि काटा काढला. मला कंटक म्हणजे काय ते कळलं नव्हतं, पण रडणं थांबलं होतं. एवढा मोठा शब्द माझ्या पायात शिरला होता, त्याचीच ऐट वाटत होती.

आणि मग ती सकाळ. तुम्ही खेळाहून आला होतात, विहिरीवर तोंड धूत होतात. मुकुट ओटीवर उन्हात ठेवलेला, त्याचा बेगडी कागद एका बाजूला सुटला होता. मी चढते भाताच्या पेटीवर. मुकुट घालते. तो कानांपर्यंत खाली येतो. मी कोपरांनी तो सावरते आणि तुमचा दरबार सुरू करते. प्रधानजी, आपल्या राज्यात प्रजा सुखी आहे ना? मेघ वेळेवर बरसतात ना? सगळं पाठ आहे मला, तुमच्या चढउतारासकट, खाकरण्यासकट. आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून ऐकतेय. आणि तुम्ही दारात येता. अर्धं तोंड धुतलेलं, अर्ध्यावर अजून गुलाबी रंग. तुम्ही मला सगळं बोलू दिलंत हे मला अजून आठवतं, शेवटपर्यंत. मग म्हणालात, "कोणी सांगल्यान तुका मुकुटाक हात लावूक?" मी म्हटलं, कुणी नाही, माझी मीच. तुम्ही म्हणालात, "बायलमाणूस खय राजा जाता काय गो? उतर." बाई कुठे राजा होते का, एवढंच विचारलंत, मारलं नाहीत. आवाजसुद्धा चढवला नाहीत. पुढच्या जत्रेतून माझ्यासाठी खाजं आणलंत, गुळाचं, आलं घातलेलं, नेहमीपेक्षा मोठी पुडी. मी ते खाल्लं. खाजं कोण नाकारतं? पण बाबा, खाज्याने उत्तर मिळत नाही. माझं बोलणं चुकलं होतं का? चुकलं असतं तर तुम्ही मध्येच तोडलं असतं. तुम्ही कंपनीतल्या भल्याभल्यांना तोडायचात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, अर्धं. लग्न, मुंबई, मग विमान. तुम्ही गेल्याची तार आली तेव्हा मी लंडनजवळच्या हाउन्सलोत होते. नवरा विमानतळावर सामान उचलायचा, मी विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायचे. घरावरून इतक्या खालून विमानं जायची की बोलणं मध्येच थांबवून धरावं लागायचं आणि ते गेलं की पुढे चालू. नवरा म्हणायचा, तुझं भांडण बरोबर तिथूनच कसं सुरू होतं, जिथे थांबलं होतं? म्हटलं, राजपार्टीची मुलगी आहे. विमानाने वाक्य विसरत नाही. तो गेल्यावर लेकीने मला रीडिंगला आणलं. ह्या रीडिंगमध्येच, टेम्स आणि केनेट अशा दोन नद्यांच्या मध्ये, त्या व्हायकिंगांनी तळ ठोकला होता. इंग्रजांची फौज चालून आली तर तिला पळवून लावलं. पुढे काही दिवसांत मारही खाल्ला, पण तो दुसऱ्या गावात. रीडिंगमध्ये आमचीच माणसं जिंकली. जावई म्हणतायत, आई, आमची? बरं, त्यांची.

नात नुसती मालिका बघत नाही. ती एका मंडळात आहे, शनिवार-रविवार ही मंडळी लोकरीचे अंगरखे घालून, लोखंडी टोप चढवून कुरणात लुटुपुटूची लढाई करतात आणि लोक तिकीट काढून बघायला येतात. मला कळलं तेव्हा मी डोळेच मिटले. म्हटलं, पणजोबांचं रक्त बारा गावं ओलांडून आलं हो! उन्हाळ्यात ती मला त्यांच्या सरावाला घेऊन गेली. त्यांचा राजा हा मोठा लाल दाढीवाला, एरवी घरोघर बॉयलर दुरुस्त करतो. माझं पहिलं भांडण त्याच्याशीच झालं. त्याच्या टोपाला शिंगं नव्हती. मी विचारलं, का? नातीने सांगितलं, खऱ्या व्हायकिंगांना शिंगं नव्हतीच, ती पुढच्या नाटकवाल्यांनी लावली. मी म्हटलं, मग नाटकवाल्यांना अक्कल होती म्हणायची. मागच्या रांगेतल्या म्हातारीला राजा कुठला ते कळायला नको? नातीने भाषांतर केलं. दाढीवाला इतका हसला की त्याची पाठ धरली. थट्टा नाही, खरंच धरली, बॉयलर उचलून आधीच दुखावलेली. पुढच्या आठवड्यात निरोप आला की त्याला उभंही राहवत नाही आणि बसवतही नाही, कार्यक्रमाला राजा नाही.

पुढच्या सरावाला कळलं, खेळात त्यांनी मलाही घेतलं होतं, पण माझ्यासाठी काम काढलं होतं ते वेगळं. शेकोटीशी बसून हंडीत डाव फिरवणारी, भविष्य सांगणारी म्हातारी. मी म्हटलं, हंडीत डाव मी लग्नापासून फिरवतेय, त्यात अभिनय तो काय? मी राजा होते. मंडळात एक बाई आहे, कपडे-दागिने त्या काळाला धरून आहेत की नाही ते तपासते. ती फार गोड आवाजात म्हणाली की व्हायकिंगांचे राजे पुरुष असत. बाबा, मला क्षणभर विहिरीवरून पाण्याचा आवाज आला. तेवढ्यात नात पुढे झाली. तिने काय सांगितलं ते मला नंतर कळलं. स्वीडनमध्ये एक थडगं सापडलं होतं. तलवार, बाण, कुऱ्हाड, दोन घोडे, आणि मांडीवर पटावरच्या सोंगट्या, म्हणजे लढाईची आखणी करणारं माणूस. शंभराहून जास्त वर्षं सगळे म्हणत होते, काय जबरदस्त पुरुष असेल! मग हाडं तपासली. बाई निघाली. तरी काही जण म्हणालेच, कशावरून ती शस्त्रं तिची होती? पुरुष निघाला असता तर कुणी विचारलं असतं का? तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. भावाची तलवार सांभाळत बसली असेल. हो ना? मेल्यावर पण सांभाळायचीच?

दाढीवाला खुर्चीला उशा लावून तिरका पडला होता. त्याने एवढंच विचारलं, "कॅन शी शाउट?" नातीने मला सांगितलं, आजी, तो म्हणतो तू ओरडणार का? मी पदर खोचला आणि तुमची आरोळी दिली. राजा येतोय, वाट सोडा, ती. नदीवरचे हंस सगळे एकदम वळले. दाढीवाला म्हणाला, "राइट. दॅट्स आवर किंग."

कार्यक्रमाच्या दिवशी लेक कामावर होती, जावई सुट्टी काढून आले. कपडे तपासणाऱ्या बाईने माझा चष्मा काढवला, घड्याळ काढवलं. मग माझ्या काष्ट्याच्या लुगड्याकडे बघून मान हलवायला लागली. म्हटलं, काष्ट्याशिवाय लढाई होत नाही, हवं तर लढून बघ. पुन्हा नातच धावली. त्या लोकांच्या वस्तीत म्हणे आपल्याकडच्या मुलखातली बुद्धाची छोटी मूर्ती सापडलीय, तेव्हाच्या व्यापारात हातोहात तिथवर गेलेली. नात म्हणाली, "बुद्ध आला, तर आजी का नाही आला?" बाईने लुगडं राहू दिलं. वरून लोकरीचा झगा आला, खांद्यावर पितळी काटा लागला. मेंढीचं कातडं टाकलेली लाकडी खुर्ची. मी बसले. नातीने माझ्या हातात तलवार दिली, लोखंडी टोप, म्हणजे त्यांच्या राजाचा मुकुटच, माझ्या डोक्यावर ठेवला, आणि मी आत शिरले, बाबा, तुम्ही जिथे शिरायचात तिथे. ह्या लोकांना तुमचा नेम कुठे ठाऊक होता? मला होता. मी तो पाळायचं ठरवलं होतं, कारण नेम पाळला नसता तर तुम्ही म्हणाला असतात, बघ, बायलमाणूस.

लोक जमायला लागले. ऊन होतं. जावई पाण्याची बाटली घेऊन आले. "आई, पाणी घ्या थोडं." मी त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं. "आई? ऐकू येतंय ना?" मी नदीकडे बघत राहिले. जावयांचा आवाज बदलला. "आई, काय होतंय? आई!" आता लिहिताना हसतायत, तेव्हा तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्यांनी हाक मारली तशी हिरव्या कपड्यातली प्रथमोपचारवाली बाई पिशवी घेऊन पळत आली. गुडघ्यावर बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हॅलो माय लव्ह, कॅन यू टेल मी युअर नेम?" एवढं इंग्रजी मला कळतं. पण राजाला कुणी परकी बाई माय लव्ह म्हणते? मी गप्प. "डू यू नो व्हेअर यू आर?" माझ्याच राज्यात बसलेय, आणखी कुठे? मी गप्प. "कॅन यू स्माइल फॉर मी?" राजा कुणी सांगितलं म्हणून हसत नाही. "कॅन यू लिफ्ट बोथ आर्म्स?" मी हात खुर्चीवरून हलवला नाही. ती बाई जावयांना हळूच म्हणाली, अँब्युलन्स बोलवायला हवी, मेंदूचा झटका असू शकतो, एक मिनिट घालवायचं नाही. जावयांनी फोन काढला.

इथे मात्र माझी परीक्षा होती, बाबा. एक शब्द बोलले असते तर सगळं मिटलं असतं. नाव सांगायचं, ह्या जावयांची सासू, अमकीची आजी, बस. मग त्यांनी टोप काढून घेतला असता, सावलीत नेऊन चहा दिला असता, आणि मी पुन्हा भाताच्या पेटीवरून उतरले असते. आणि बोलले नाही तर गाडी यायची, कुणा खऱ्या आजाऱ्याची गाडी माझ्या हट्टापायी अडकायची. ते पाप मला नको होतं. पण उतरायचंही नव्हतं. छाती धडधडत होती, ती बाई माझी नाडी धरून बसलेली, तिला ती तशीच लागली असणार आणि तिची भीती वाढली असणार. राजाने स्वतःहून काही सांगायचं तर ऐकायला प्रधान लागतो, आणि माझ्याजवळ प्रधान नव्हता. नुसती घरची माणसं होती.

तेवढ्यात नात गर्दीतून आली, ढाल हातात. तिने माझ्याकडे बघितलं. त्या मुलीला मी काट्याची गोष्ट कितीदा सांगितली असेन, तिला ती नेहमी झोपायच्या वेळी हवी असायची. तिने वडिलांच्या हातावर हात ठेवला, फोन खाली करवला. ढाल जमिनीवर टेकवली, एक गुडघा टेकला आणि म्हणाली, "महाराज, तुमचा तब्येत कसा आहे?"

मी म्हटलं, "उत्तम आहे, प्रधानजी. ह्या वैद्यबाईंना सांगा, राजा प्रसन्न आहे." आणि उठले. कुणी सांगितलं नव्हतं म्हणून दोन्ही हात वर केले, तलवारीसकट. कुणी सांगितलं नव्हतं म्हणून हसले. लोकांना वाटलं खेळ सुरू झाला, टाळ्या कडाडल्या. वैद्यबाई नातीला विचारत होती, शी इज टॉकिंग, पण बोलणं स्पष्ट आहे का तिचं? नेहमी असंच बोलते का? नात म्हणाली, "आय अॅम अफ्रेड शी ऑलवेज टॉक्स लाइक दिस." आणि मी बोलले, बाबा. प्रजा सुखी आहे ना, मेघ बरसतात ना, इथपर्यंत तुमचं. मेघांवर सगळे हसले, इंग्लंडात तो प्रश्न विचारायचा नसतो. पुढचं तुमचं बोलणं मला आठवलं नाही. आठवत होतं, पण ते कुरणाला शोभेना. मग माझं बोलले. ह्या राज्यात आजपासून जी हंडी ढवळेल ती पहिली जेवेल. जिचं लुगडं, तिचं सिंहासन. थडग्यातल्या बाईला तिची तलवार परत. प्रधान एकेक वाक्य इंग्रजीत ओरडून सांगत होती आणि पलीकडे दाढीवाला उशांवर पडल्या पडल्या मूठ आपटत होता. मग लढाई झाली. आम्ही जिंकलो, ते ठरलेलंच होतं. टोप मी शेवटचा माणूस कुरणातून जाईपर्यंत काढला नाही. जावयांनी मागून पाणी आणलं, "महाराज, पाणी" म्हणाले. बाटली सगळी प्यायले. वैद्यबाईची मी नंतर नातीकडून माफी मागितली, तिने माझ्यासोबत फोटो काढून घेतला.

तेव्हा बाबा, बायलमाणूस राजा जाता. हे तुम्हाला सांगायला मला ह्या वयापर्यंत थांबावं लागलं, पण सांगितलं. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून नाही. बरं, थोडं वाटावं म्हणून. खाज्याच्या पुडीएवढं.

जावई विचारतायत, पत्ता काय घालू? नका घालू. कागद दुमडून माझ्याकडे द्या, मी बघीन कुठे ठेवायचा ते. आणि लिहा की तुम्ही त्या दिवशी कुरणात आला असतात तर मी उठून उभी राहिले नसते. बापासाठी नाही, कुणासाठीच नाही. हे लिहिलंत? मग अजून एक ओळ लिहा आणि पेन ठेवा. ज्या बाजूने लोक तिकीट काढून आत येत होते, त्या बाजूला चष्म्याशिवाय मला नीट दिसत नव्हतं, तरी बोलत होते तेवढा सगळा वेळ मी तिकडेच बघत होते.